नानांची सायकल कारखान्याबाहेरून गेली. नवी सायकल कुलूप लावून बांधायची कुठं?

कांडीवाली (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न कुलपाचाच आहे, पण जरा मागून सांगते. नुसतं "चांगलं कुलूप सुचवा" म्हटलं की दुकानातली नावं मिळतात आणि माझी अडचण आहे तिथंच राहते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. घर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. आई विड्या वळते. मी शाळेत असताना सुट्टीत मागाच्या कांड्या (सुताच्या नळ्या) भरायला जायची, आता एका दवाखान्यात हिशेब बघते. नानांकडे बावीस वर्षं एकच सायकल होती. काळी, दांड्याची, रॉडच्या ब्रेकची. मी जन्मले त्या वर्षी घेतलेली. मला शाळेत सोडणं, आईच्या विड्यांची टोपली पोचवणं, रेशनचं धान्य आणणं, सगळं त्याच सायकलवर.

दीड महिन्यापूर्वी रात्रपाळीत ती गेली. कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेली होती, मागच्या चाकाचं कुलूप लावलेलं होतं आणि किल्ली नानांच्या खिशात होती. सकाळी सातला बाहेर आले तर भिंतीवर हँडलच्या मुठीनं घासून पडलेला काळा डाग तेवढा उरलेला. आत चोवीस माग चालू असतात. धोट्यांचा खडखडाट असा की शेजारच्यानं कानाशी ओरडलं तरच ऐकू येतं. बाहेर कुणी येऊन काय उचललं हे आतल्या माणसाला कळायचा मार्गच नाही. नाना त्या दिवशी चालत घरी आले. किल्ली देवघरात ठेवली आणि झोपले. जेवलेसुद्धा नाहीत.

चौकीत गेलो होतो. जुन्या सायकलची किंमत ती काय, म्हणून साधी नोंद घेतली आणि पाठवून दिलं.

मी पगारातून साठवून त्यांना तशीच काळी सायकल घेतली, ७,२०० रुपयांना. पण नाना ती कारखान्यात नेतच नाहीत. जाताना रिक्षात बसतात. दुपारपाळी रात्री उशिरा सुटते तेव्हा रिक्षा नसते, मग कुणाच्या तरी गाडीवर मागं बसायला मिळेपर्यंत थांबतात, नाहीतर चालत येतात. त्यांचं वय अठ्ठावन्न. सायकल घरात कॉटच्या शेजारी उभी आहे आणि आई रोज तिच्यावरची धूळ पुसते. मला हे बघवत नाही.

कारखान्याबाहेर बांधायला काही नाही. साधी विटांची भिंत, मधे शटर. गेट नाही, झाड नाही. विजेचा खांब आहे, पण तो रस्त्याच्या पलीकडे. आत मागांच्या मधून माणूस आडवा होऊनच जातो, तिथं सायकल कुठून मावणार? नंबरचं कुलूप नको, कारण रात्री नानांना जवळचे आकडे दिसत नाहीत. दीड हजारापर्यंत खर्च करू शकते. काय करावं?

जुळे सोलापूरकर

ताई, स्पष्ट लिहितो, रागावू नका. नवी सायकल विकून टाका आणि दीड-दोन हजारात जुनी घ्या, गंजलेली दिसेल अशी. चोराला नको वाटेल अशी सायकल असली की कुलपाची चिंता मिटते. मी स्टेशनला जायला अशीच एक ठेवली आहे, चार वर्षं झाली, कुणी हात लावला नाही.

कांडीवाली

दादा, गेली ती बावीस वर्षांची होती. मडगार्ड पिचलेलं, घंटीला वाटी नाही, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. तरी गेली. ज्याला भंगारात वजनावर घालायची आहे तो रंग बघत नाही.

बाळीवेस सायकल

पोरी, तुझ्या नानांना माझा नमस्कार सांग. मी एक्केचाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. आता दुकान मुलगा बघतो, मी सकाळी चार तास बसतो. तुझं लिहिलेलं मुलानं वाचून दाखवलं. मी सांगतोय, तो टाईप करतोय.

पहिली गोष्ट. त्या मागच्या चाकाच्या कुलपाला तू कुलूप समजू नकोस. त्याची दांडी आऱ्यांमधून जाते आणि चाक फिरत नाही, एवढंच त्याचं काम. दुकानातून पानाची पुडी घेऊन येईपर्यंत कुणी टांग मारून पळवू नये यासाठी ते आहे. काळी सायकल वीस-बावीस किलोची. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली की झालं. एकटा असला तरी कॅरिअरला धरून मागचं चाक वर उचलतो आणि पुढच्या चाकावर ढकलत नेतो. रस्त्यावर बघणाऱ्याला काय वाटतं? बिचाऱ्याची चेन तुटली असेल. कुणी अडवत नाही. मी स्वतः अशा शेकडो सायकली दुकानात येताना बघितल्यात, आणि त्यातल्या प्रत्येकाची चेनच तुटलेली असेल असं मला आता वाटत नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण ते माझ्या मनावर आहे. आमच्याकडं रोज एक तरी माणूस येतो, "किल्ली हरवली, कुलूप तोडून द्या". छिन्नी आणि हातोडी, दोन मिनिटांचं काम. वीस-एकवीस वर्षांपूर्वी एक शाळकरी पोरगा अशीच सायकल घेऊन आला. मी काही विचारलं नाही, तोडून दिलं, पाच रुपये घेतले. संध्याकाळी एक बाई प्रत्येक सायकल दुकानात विचारत विचारत माझ्याकडं आली, तिच्या नवऱ्याची सायकल गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून गेली होती. ती रंग सांगायला लागली, हँडलला बांधलेली लाल दोरी सांगायला लागली, आणि मला कळलं की ती सायकल माझ्याच हातातून गेली. तिला मी खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून माझ्या दुकानात पावती नाहीतर ओळखीचा माणूस आणल्याशिवाय कुलूप तुटत नाही. गिऱ्हाईक चिडतं, पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे की.

आता तुझं काम. गोठ्यातल्या बैलाचे नुसते पाय बांधतात का? दावं खुंटीला असतं. सायकललाही खुंटी पाहिजे. तुझ्या नानांच्या कारखान्याबाहेर खुंटी नाही, हे तुझं खरं दुखणं. दीड हजाराचं कुलूप आणलंस आणि ते सायकलीतल्या सायकलीतच अडकवलंस, तर चोर सायकल कुलपासकट नेईल आणि घरी जाऊन निवांत तोडेल. आधी खुंटी कर, मग कुलपाचं बघ.

जुन्या वाड्यांच्या भिंतीत घोडं बांधायच्या कड्या असायच्या, तू बघितल्या असशील. तशीच कडी करायची. पण साध्या विटांच्या भिंतीत खिळा ठोकल्यासारखी ठोकू नको. पहारीनं उचकटली की अख्खी वीट निघून येते. भिंतीतच करायची असली तर आरपार भोक पाडून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी आणि नट, म्हणजे बाहेरून ओढून येत नाही. त्याहून बरं म्हणजे जमीन. फूटभर खोल खड्डा खण. १६ मिलिमीटरची सळई उलट्या यू आकारात वाकवून घे, खालच्या दोन्ही टोकांना आडवी सळई वेल्ड करून घे, आणि खड्ड्यात उभी करून काँक्रीट भर. आडव्या सळईमुळं ती वर ओढून निघत नाही. वर गुडघ्याएवढी राहू दे. सात दिवस पाणी मार, त्याआधी तिला हात लावू नको. कोणताही वेल्डर सकाळी सांगितलं तर संध्याकाळी करून देतो.

विजेच्या खांबाला मात्र कुणी कितीही सांगितलं तरी सायकल बांधू नको. पावसाळ्यात खांबात कधी करंट उतरेल सांगता येत नाही, आणि सायकल सगळी लोखंडाची.

साखळी घेणार असलीस तर हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ती घेऊ नको. ती मऊ लोखंडाची असते, लांब दांड्याच्या कटरनं खारी बिस्किटासारखी तुटते. पाणी दिलेल्या पोलादाची घे. ओळखायचं कसं ते सांगतो. खिशात एक छोटी कानस घेऊन जा. दुकानदाराला विचारून कडीच्या कोपऱ्यावर एकदा फिरव. कानस चावली, चकचकीत ओरखडा उठला, तर लोखंड मऊ. काचेवरून गेल्यासारखी घसरली, तर घे. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघ. आणि साखळी चांगली घेऊन तिला तीस रुपयांचं कुलूप लावणारे लई बघितलेत. चोर साखळीकडं बघतच नाही, कुलपाची वरची दांडी कापतो.

पहाटेचा सायकलस्वार

काकांच्या प्रत्येक शब्दाला माझी सहमती. मी त्यात कुलपाच्या बाजूची थोडी भर घालतो.

मी गिअरची सायकल चालवतो. पहाटे होटगी रोडनं बाहेर पडायचं, उन्हं तापायच्या आत परत यायचं, असा सहा वर्षांचा नेम आहे. माझी पहिली सायकल पार्क चौकातून गेली, चहा प्यायला थांबलो होतो तेव्हा. जाड केबलचं कुलूप होतं, अंगठ्याएवढं. नंतर खाली पडलेला त्याचा तुकडा हातात घेऊन बघितला, तर वरचं सगळं प्लॅस्टिक आणि आतली तार पेन्सिलीच्या शिशापेक्षा जरा जाड. ती पकडीनंसुद्धा तुटते. तरी हे कुलूप खूप खपतं, कारण ते दिसायला दणकट आणि वजनाला हलकं. केबल फक्त पुढचं चाक किंवा सीट अडकवायला वापरावी. मुख्य कुलूप म्हणून अजिबात नको.

नंबरचं कुलूप नको म्हणालात ते बरोबर केलंत. चष्म्याचा प्रश्न नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. तीन चकत्यांच्या कुलपाला एकूण हजार आकडे, आणि लोक बंद करताना एकच चकती एक-दोन घरं फिरवतात. चोराला आजूबाजूचे दोन-चार आकडे लावून बघितले की पुरतं. शिवाय स्वस्त कुलपात दांडी ताणून धरून चकत्या फिरवल्या की बरोबर आकड्याला हाताला खाच जाणवते.

कडी होणार असेल तर यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड दांडीचं कुलूप घ्या. लहान घ्या. लोक मोठं घेतात, सगळं मावेल म्हणून. पण यूच्या आत जितकी रिकामी जागा, तितकी जॅक किंवा पहार घालून फाकवायला सोय. सायकलची नळी, चाक आणि कडी एवढ्यानं आतली जागा भरून जायला हवी. किल्लीचं भोक खाली राहील असं लावा, म्हणजे धूळ आणि पाणी जात नाही आणि चोरालाही हत्यार लावायला अडचण होते. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. खाली दगड असला की वरून हातोडा मारणं सोपं होतं.

कुठं अडकवायचं याबद्दल अमेरिकेतल्या शेल्डन ब्राउन या सायकल मेकॅनिकची एक पद्धत आहे. तो २००८ साली गेला, पण जगभरचे सायकलवाले अजून त्याचं लिखाण वाचतात. तो म्हणायचा, यू-लॉक मागच्या चाकाच्या रिमभोवती घाला, पण चौकटीच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येईल अशा ठिकाणी. मग चाक त्या त्रिकोणातून निघू शकत नाही, म्हणजे नळीला कुलूप नसतानाही चौकट आणि मागचं चाक दोन्ही अडकतात. यामुळं लहान कुलूप चालतं. काळ्या सायकलला मागचं मडगार्ड आणि स्टँड मधे येतो, म्हणून विकत घेण्याआधी सायकल दुकानात नेऊन घालून बघा.

एक जुनी गोष्ट माहीत असावी. २००४ साली अमेरिकेत लोकांच्या लक्षात आलं की गोल नळीसारख्या किल्लीची महागडी यू-लॉक साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात. कंपनीला हजारो कुलपं बदलून द्यावी लागली. त्यामुळं गोल किल्लीचं जुनं कुलूप कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. चपटी किल्ली बघा, आणि दोन किल्ल्या मिळतात ना तेही.

बॅटरीच्या ग्राइंडरपुढं कोणतंच कुलूप टिकत नाही, हेही सांगून ठेवतो. पण त्याचा आवाज होतो, ठिणग्या उडतात. म्हणजे कडी शटरच्या समोर, उजेडात हवी, भिंतीच्या आडोशाला नको. तुमच्या नानांच्या कारखान्यात आवाजाचा उपयोग नाही, तुम्हीच लिहिलंत. मग उजेड तरी हवाच.

सात रस्ता

मी वकिली करते. कुलपातलं कळत नाही, नोंदीतलं सांगते.

चौकीत तुम्हाला जे सांगितलं त्याला कायद्यात आधार आहे, फक्त त्यांनी तो नीट समजावून सांगायला हवा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं कलम आता ३०३. त्यात नवं असं की चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. आणि पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे पोलीस न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ज्याची सायकल तीन हजारांची आहे त्याच्यासाठी ती चोरी लहान नसते, आणि मला व्यक्तिशः ही रेषा चुकीच्या जागी ओढली असं वाटतं. तुमच्या नानांचं रोजचं जाणं-येणं त्या तीन हजारांवर उभं होतं.

तरीही नोंद करायचीच. अदखलपात्र नोंदीचा क्रमांक मागून घ्या. उद्या सायकल कुठं सापडली, तर ती तुमची हे सांगायला तोच कागद लागतो. आणि कुणी "हरवली असं लिहून द्या, लवकर होईल" म्हटलं तर ऐकू नका. गेली ती चोरीनं गेली, तसंच लिहा.

नवी सायकल ७,२०० ची आहे. तिची पावती आत्ताच प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा आणि तिचा फोटो फोनमध्येही ठेवा. देव न करो, पण तिच्याबाबतीत काही झालं तर पावतीवरून किंमत पाच हजारांच्या वर ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फुकट मिळणं हा फिर्यादीचा हक्क आहे.

चौकटीवर नंबर कोरलेला असतो. तो पावतीवर लिहिलाय का बघा. बऱ्याच दुकानांत तो रकाना मोकळाच सोडतात.

बाळीवेस सायकल

वकीलबाईंनी मुद्द्याचं सांगितलं. नंबर बहुतेक सायकलींवर पायडलच्या बुशाच्या, म्हणजे दोन पायडलांमधल्या आडव्या नळीच्या खाली असतो, काहींवर सीटच्या नळीवर. सायकल उलटी कर, फडक्यानं पूस. रंगात बुजलेला असला तर वर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी करून घास, आकडे उठतात. पावतीवर नसला तर दुकानदाराकडून लिहून शिक्का घे.

अजून एक कर. चिठ्ठीवर नाव, पत्ता, फोन लिही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ, हँडलची एका बाजूची मूठ काढ आणि आत नळीत सरकव. वरून मूठ बसव. चोर रंग बदलतो, घंटी बदलतो, सीट बदलतो. हँडलच्या आत कुणी बघत नाही. सायकल माझीच म्हणून दोघं भांडत आली तर मूठ काढून दाखवायची. आमच्याकडं एकदा असाच निकाल लागला.

चाकाचं जुन्या पद्धतीचं कुलूप काढून टाकू नको हं. तेही लावायचं, यू-लॉकही लावायचं. दोन वेगळ्या जातीची कुलपं असली की चोराला दोन हत्यारं लागतात.

जुळे सोलापूरकर

मी वर लिहिलं ते मागं घेतो. एक विचारू का, कारखान्याचे मालक कडी बसवू देतील? आमच्या सोसायटीत एवढ्याशा गोष्टीला वर्ष लागलं होतं.

कांडीवाली

सगळ्यांचे आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काय झालं ते कळल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मालकांना विचारायला नाना तयार नव्हते. "सव्वीस वर्षांत त्यांच्याकडं काही मागितलं नाही, आता सायकलसाठी मागू?" असं म्हणाले. मग मीच गेले, चहाच्या वेळेला. मालक वाईट माणूस नाही. त्यांची शंका एकच होती. "मी कडी लावून दिली आणि तरी सायकल गेली, तर सगळे माझ्याकडं येतील. आज बाहेर ठेवतात तर जबाबदारी त्यांची आहे." मी वकील ताईंना खासगीत विचारलं आणि त्यांच्या सांगण्यावरून एका कागदावर साध्या मराठीत लिहिलं, की कडी फक्त सोयीसाठी आहे, सायकलची राखण ज्याची त्यानं करायची. त्यावर मागावरच्या नऊ जणांनी सह्या केल्या. तिघांनी अंगठा लावला. कागद बघितल्यावर मालक म्हणाले, मग एकच कशाला, तीन करा, सिमेंट माझं.

शटरच्या उजव्या हाताला, दिव्याखाली, तीन कड्या बसल्या. सळई १६ मिलिमीटरची, खाली आडवी सळई, काका म्हणाले तशीच. सात दिवस नानांनी पाणी मारलं. पाळी नसलेल्या दिवशीसुद्धा त्यासाठी रिक्षानं गेले. वरून एका जागी सिमेंटला भेग पडली होती. ऊन फार आहे, बारदान ओलं करून झाकायला हवं होतं हे उशिरा कळलं. कुणी करणार असेल तर पहिल्या दिवसापासून झाका.

कुलूप यू आकाराचंच घेतलं, ११५० रुपयांना. कानस घेऊन गेले होते. पहिल्या दुकानात मला वेड्यात काढलं. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं स्वतः कानस हातात घेऊन तीन कुलपांवर फिरवून दाखवली आणि तिसरं दिलं. मागच्या त्रिकोणातून घालायचं ते आमच्या सायकलला जमलं नाही, स्टँडचा दांडा आडवा येतो. मग सीटखालची नळी, मागच्या चाकाचं रिम आणि कडी, असं तिन्ही एकत्र धरतं. आत बोट जेमतेम जातं.

पहिल्या रात्री नानांनी तीनदा बाहेर येऊन बघितलं, असं शेजारच्या मागावरच्या मामांनी सांगितलं. दुसऱ्या रात्री एकदा. आता किल्ली करदोड्याला बांधली आहे, दुसरी आईच्या पत्र्याच्या पेटीत. बाकीच्यांपैकी पाच जणांनी कुलपं घेतली. दोघांनी मिळून एक साखळी घेतली आहे, त्यांची पाळी एकच असते. रात्री साडेअकराला पाळी सुटली की सगळे एकदम सायकली काढून निघतात. नाना पाऊणच्या आत घरी असतात.

आता एक राहिलं. वकील ताईंनी लिहिलेलं वाचून आईनं जुनी पेटी उपसली. नानांच्या पहिल्या सायकलची पावती माझ्या जन्माच्या दाखल्याबरोबर एका पिशवीत निघाली. बावीस वर्षांची, घडीवर फाटलेली, पण चौकटीचा नंबर त्यावर निळ्या शाईनं लिहिलेला आहे. चौकीत परत जाऊन तो नोंदीत घालून घेतला, या वेळी क्रमांकही घेतला. काका, तुम्ही इतर दुकानदारांना ओळखता. ती सायकल कुणाच्या दुकानात आली तर ओळखता येईल का? भंगारात गेली असेल हे मला कळतं. तरी विचारते.

बाळीवेस सायकल

नंबर मला खासगीत पाठव, इथं सगळ्यांसमोर लिहू नको. खुणा मात्र इथं लिही. नंबर घासून टाकता येतो, खुणा राहतात. पंक्चर काढायला सायकल उलटी केली की आम्हाला सगळं दिसतं.

कांडीवाली

काळी, २४ इंची चौकट. मागचं मडगार्ड डाव्या बाजूला पिचलेलं. कॅरिअरची डावी काडी मोडून वेल्ड केलेली, वेल्डिंगचा गोळा हाताला लागतो. घंटीला खालचा भाग आहे, वाटी नाही. चेनकव्हरवर खिळ्यानं तेलुगूत "नान्ना" कोरलेलं, ते मी दुसरीत असताना कोरलं होतं आणि मार खाल्ला होता. आणि दांड्यावर, सीटपासून वीतभर पुढं, लहान मुलांच्या सीटचा लोखंडी क्लॅम्प अजून तसाच आवळलेला आहे. सीट कधीच काढली, क्लॅम्प नानांनी काढला नाही. त्याच्याखाली रंग उडालेला नाही, मूळचा काळा दिसतो.

बाळीवेस सायकल

लिहून घेतलं. दुकानात भिंतीवर लावतो आणि बाळीवेसपासून कन्ना चौकापर्यंत जे बसतात त्यांना मुलगा उद्या देऊन येईल. तुमच्या पूर्व भागातल्या, अशोक चौकाच्या बाजूच्या दोघांचे फोन माझ्याकडं आहेत, त्यांनाही सांगतो. क्लॅम्प ही चांगली खूण आहे, तो काढायला तिरका पाना लागतो आणि कुणी तेवढा त्रास घेत नाही. नव्या सायकलच्या हँडलमध्ये चिठ्ठी घातलीस का ते कळव.

कांडीवाली

घातली. आईनं लिहिली.